लटकू नये, घासू नये, साचू नये
(कॅरेज-वॅगनमधून निवृत्त झालेल्या मढच्या एका आजोबांनी नोकरीवर निघालेल्या नातीला सांगितलेल्या गोष्टी)

पोरी, ऑर्डर आली, पेढे वाटून झाले, आता जरा बस. तुझ्या कागदावर ‘असिस्टंट, सी अँड डब्ल्यू’ असं लिहिलंय. पिट लाइनवर, म्हणजे गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर, गेलीस की तुला हेल्परच म्हणतील. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. गाडीच्या पोटाखाली सगळ्यांत आधी जातो तो हेल्पर, आणि बिघाडही बहुतेक वेळा त्यालाच आधी दिसतो.

आपल्या मढात रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज चढून नगरला जाणाऱ्या रुळांची बोलणी मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. पुणे-नाशिक लाइनचं म्हणशील तर ती खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली. पण रूळ आले नाहीत म्हणून माणसं थांबली नाहीत. मढ, पारगाव, करंजाळे, तळेरान, या सगळ्या खोऱ्यातली माणसं एसटीनं घाट उतरून कल्याण-मुंबईला कामाला गेली. मीही त्यातलाच. कल्याण, कर्जत, लोणावळा असं गाड्यांच्या खालीच आयुष्य गेलं.

ट्रेनिंगला तुला पुस्तक देतील, ते पाठ कर. मी सांगतोय ते पुस्तकाच्या आधीचं आहे. गाडीच्या खालचा भाग दोनच गोष्टींनी खराब होतो: ठोकर आणि आग. दोन्हींची सुरुवात फार क्षुल्लक असते. काहीतरी लटकतं, काहीतरी घासतं, नाहीतर काहीतरी साचतं. या तिन्हींवर नजर ठेवलीस तर ठोकर आणि आग, दोन्ही बऱ्याच अंशी टळतात.

लटकणारं आधी शोध

गाडी पूर्ण भरलेली असली तरी तिच्या खालचा कुठलाही भाग रुळाच्या माथ्यापासून किमान १०२ मिलिमीटर, म्हणजे चार इंच तरी वर राहिला पाहिजे. चार इंच म्हणजे काय ते एकदा रुळाशी उकिडवं बसून बघ, एवढीच मोकळीक असते. स्प्रिंग मोडली, चाक झिजलं, बोल्ट ढिला झाला की ती कमी होत जाते. म्हणून बफरची उंची मोजतात: जास्तीत जास्त ११०५ आणि भरल्या डब्याची कमीत कमी १०३० मिलिमीटर. डबा एका कोपऱ्यावर बसलेला दिसला तर नुसती नोंद करून पुढं जाऊ नको. त्या कोपऱ्याखाली वाकून बघ की रुळाच्या जवळ काय आलंय.

ब्रेक बीम, इक्वलायझिंग स्टे, डायनॅमो, या जड वस्तूंना सेफ्टी स्ट्रॅप नाहीतर सेफ्टी लूप असतात. त्यांचं काम एकच: पिन तुटली तरी वस्तू खाली पडू द्यायची नाही. स्ट्रॅपवर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला तर ओळख, वरची वस्तू खाली आलीय आणि स्ट्रॅपवरच बसून प्रवास करतेय. स्ट्रॅप बदलून हे काम संपत नाही, वर काय तुटलंय ते शोधावं लागतं.

लटकलेला ब्रेक बीम सरळ रुळावर कदाचित नुसता घासत जाईल. पण पुढं सांधे बदलायची जागा येते, पॉइंट आणि क्रॉसिंग येतं. तिथं तो अडकला की अख्खी गाडी रुळावरून उतरू शकते. बीमची किंमत किरकोळ असते, त्यानं होणारं नुकसान किरकोळ नसतं.

स्प्लिट पिनचे दोन्ही पाय उघड

हे वाक्य मला माझ्या मिस्त्रीनं पहिल्या दिवशी सांगितलं. पिन घातली, एक पाय वाकवला, दुसरा तसाच ठेवला, असं काम घाईत होतं आणि दिसायला पुरं दिसतं. पण गाडी हलतेय, हादरतेय, आणि सरळ ठेवलेला पाय भोकातून हळूहळू निसटतो. म्हणून दोन्ही पाय उघडायचे. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरायची नाही. एकदा वाकवलेलं लोखंड पुन्हा वाकवलं की तिथंच तुटतं. नवी पिन स्टोअरमध्ये नसेल तर मुकादमाला सांग, तारेनं बांधून वेळ मारून नेऊ नको.

नटाभोवती गंजाची लालसर पूड दिसली की तो नट हलतोय, कसलेला नट अशी पूड टाकत नाही. कामाला लागलीस की सुरुवातीला हातोडीनं ठोकून आवाज ऐक. घट्ट नटाचा आणि ढिल्या नटाचा आवाज वेगळा असतो, आणि तो कान तयार व्हायला वेळ लागतो.

खडी खालून येते हे विसरू नको

लोक म्हणतात गाडीला ठोकर समोरून बसते. खालच्या भागाला ती बहुतेक खालूनच बसते. गाडीचा वेग वाढला की तिच्या पोटाखालची हवा ओढली जाते आणि स्लीपरवर पडलेला सुटा दगड उसळतो. जपानात मैबाराजवळ हिवाळ्यात बुलेट ट्रेनच्या पोटाला बर्फ चिकटायचा, वेगात त्याचे गोळे खडीवर पडायचे आणि उडालेली खडी खालच्या यंत्रांवर आदळायची. त्यांनी काय केलं? रुळाकडेला पाण्याचे फवारे लावले, म्हणजे बर्फ ओला होऊन उडणार नाही. तिथला वेग कमी ठेवला. आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर खडीच्या ऐवजी काँक्रीटच्या लाद्या घातल्या जात आहेत. त्याची कारणं बरीच आहेत, पण खडी नसली की ती उडतही नाही, हा फायदा आलाच.

तुझ्याकडं मात्र खडीच आहे. म्हणून धुलाई झाल्यावर पाइपवर, ब्रेक सिलिंडरवर, ॲक्सलवर रंग उडालेले ठिपके शोध. ॲक्सलवरचा ओरखडा कधीही हलका समजू नको. तडा अशाच खाचेतून सुरू होतो, आणि ॲक्सलचा तडा डोळ्यांना दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असतो. ओरखडा दिसला की वरच्या माणसाला दाखव. अल्ट्रासॉनिक तपासणी करायची का, ते तो ठरवील.

घाटात दगड वरूनही येतो. कर्जत-लोणावळा घाटात पावसाळ्यात दरडी येतात. ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ ही नावं तुला लवकरच पाठ होतील. दगडावरून गेलेली गाडी थांबली की दोन्ही बाजूंनी बघायचं. ठोकर एका बाजूला बसते, पण तुटलेला तुकडा कधी कधी दुसऱ्या बाजूला जाऊन अडकतो.

आवरण मोडायलाच असतं

६ ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत वटवा-मणिनगरच्या दरम्यान म्हशींचा कळप वंदे भारतपुढं आला. गाडीच्या नाकाचं आवरण फुटलं. पेपरात फोटो आले, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आवरण फुटलं, आतली महत्त्वाची यंत्रणा शाबूत राहिली, म्हणजे आवरणानं आपलं काम केलं.

पूर्वीच्या गाड्यांत ताकदीची यंत्रं इंजिनात असायची. वंदे भारतसारख्या गाडीत ती डब्यांच्या खाली बसवलेली असतात. म्हणजे खालचा भाग आता नुसता चाकं-ब्रेकांचा राहिला नाही. यातून तू एवढंच घे: काम करताना काढलेली प्लेट, जाळी, रबरी आवरण, कव्हर, सगळं पुन्हा बसवल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही. ‘पुढच्या डेपोत लावतील’ असं म्हणून बाजूला ठेवलेलं कव्हर सहसा परत लागत नाही.

जनावर खाली आलं असेल तर आधी होज पाइप आणि त्याच्या तोंडाशी असलेला अँगल कॉक बघ. पाइप फाटला तर एअर ब्रेकची गाडी आपोआप थांबते, ते ठीक. खरं भय अँगल कॉकचं आहे. ठोकरीनं त्याचा दांडा फिरून बंद झाला तर मागच्या डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या हातातून जातात, आणि पुढून काहीच कळत नाही. कल्याणच्या सपाटीवर एक वेळ निभावेल. घाटात १:३७ चा उतार आहे. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हापासून त्यानं कुणालाही माफ केलेलं नाही. म्हणून कंटिन्युइटी टेस्ट झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही: शेवटच्या डब्यातून हवा सोडून इंजिनापर्यंत दाब पडतो का ते बघायचंच.

घासण्याचा वास ओळख

माळशेज उतरून टोकावड्याला उभ्या राहिलेल्या ट्रकच्या चाकांचा वास तुला माहीत आहे. गाडीखालच्या आगीची पहिली बातमीही तशाच वासानं येते. ब्रेक सोडला असं ड्रायव्हरला वाटतं, पण एखाद्या डब्याचा ब्रेक सुटलेलाच नसतो. चाक घासत राहतं, तापतं, धूर येतो, ठिणग्या उडतात. याला आपल्यात ब्रेक बाइंडिंग म्हणतात.

कारणं पाठ करून ठेव. पहिलं, कुणीतरी साखळी ओढलेली असते आणि डब्याच्या टोकाला असलेलं साधन रीसेट केलेलं नसतं. तिथून हवा सुटत राहते. कान दे, ‘स्स्स’ असा आवाज येतो. दुसरं, गार्डच्या, म्हणजे आता ज्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात त्याच्या, डब्याचा हँड ब्रेक लावलेलाच राहतो. तिसरं, ब्रेकची ढील आवरणारा स्लॅक ॲडजस्टर अडकतो किंवा रिगिंगची, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांची, पिन गंजून जाम होते. चौथं कारण मोठ्यांनाही चकवतं. ब्रेक पाइपात दाब ५ किलो हवा. एखाद्या इंजिनानं तो जास्त भरला, मग इंजिन बदललं आणि नव्यानं बरोबर ५ च ठेवला, तर प्रत्येक डब्याचा डीव्ही, म्हणजे डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह, जुना वाढीव दाब ‘लक्षात’ ठेवून बसतो. त्याला वाटतं, दाब पडला, ब्रेक लावा. दोष डब्याचा नसतो. पूर्वी इगतपुरीला मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी संपून २५,००० व्होल्ट एसी सुरू व्हायची, तिथं इंजिन बदलायचं. अशा ठिकाणी प्रत्येक डब्याची रिलीज वायर ओढून हवा सोडून द्यावी लागते. एखादा डबा सोडला तर तोच पुढं धूर काढतो.

नव्या एलएचबी डब्याला डिस्क ब्रेक आहेत. त्यात चाकावर ब्लॉक दिसत नाही, म्हणून डब्याच्या बाजूला असलेल्या ब्रेकच्या छोट्या खिडकीतलं हिरवं-लाल बघायला शीक: हिरवं म्हणजे ब्रेक सुटलेला, लाल म्हणजे लागलेला. गाडी सुटायला निघाली आणि एखाद्या डब्याला लाल दिसतंय, तर झेंडी दाखवून थांबव. कुणी रागावलं तर रागावू दे.

एकच खोका गरम का, हे विचार

ॲक्सल बॉक्स सगळेच थोडे गरम होतात. म्हणून एकट्याच्या तापमानावर निकाल देऊ नको, शेजाऱ्यांशी ताडून बघ. त्याच डब्याचे इतर बॉक्स कोमट आहेत आणि एकच चटका देतोय, तर त्याच्या बेअरिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. आम्ही हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचो, तुमच्याकडं आता बंदुकीसारखं यंत्र आहे. रुळाकडेला गरम बॉक्स पकडणारी आणि चाकाचा ठोका मोजणारी यंत्रंही बसलीत. यंत्र वापर, पण बाहेर आलेलं ग्रीस, जळका वास आणि कव्हरचा बदललेला रंग यांच्यासाठी नाक-डोळे चालू ठेव.

चाकाचा ठोकाही असाच ऐकायचा. चाक घसरून सपाट झालं की गाडी आत येताना ‘टक-टक-टक’ लय धरते. प्रवासी डब्याला ५० मिलिमीटरपर्यंतचा सपाट भाग चालतो, मालडब्याला ६०. त्याहून जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो घणाचा घाव आहे, रुळावरही आणि बेअरिंगवरही. रोलिंग-इनला म्हणूनच गप्पा मारत उभं राहायचं नाही. गाडी आत येते त्या अर्ध्या मिनिटात ती बरंच काही सांगून जाते, थांबल्यावर त्यातलं निम्मं कळत नाही.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं वेगळं ध्यानात ठेव. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजाराच्या वर माणसं बोटींनी काढावी लागली. माणसं सुटली, पण गाडीचं दुखणं नंतर सुरू होतं. पाणी ॲक्सल बॉक्सपर्यंत चढलं की ग्रीस पांढुरकं होतं आणि बेअरिंग आतून गंजतं. गाडी धुऊन-पुसून चकचकीत दिसते म्हणून तिला सोडायचं नाही. बॉक्स उघडून बघितल्याशिवाय आणि वरच्यांची मंजुरी आल्याशिवाय ती चाकं पळवायची नाहीत.

साचलेलं काढ

ठिणगी प्रत्येक ब्रेकला उडते, पण प्रत्येक ठिणगीनं आग लागत नाही. खाली पेटायला काही असलं तरच लागते. म्हणून ठिणगीशी भांडत बसण्यापेक्षा तिचं खाणं काढून घे.

ते खाणं काय असतं? बोगीच्या कोपऱ्यात बसलेली धूळ-तेलाची लपटी. जुन्या आयसीएफ डब्याच्या धक्का शोषणाऱ्या डॅशपॉटमधून झिरपलेलं तेल. ॲक्सलला गुंडाळलेली साडी, ओढणी, नायलॉनची दोरी, प्लास्टिकची गोणी. वाळका पाला. गॅरेजवाल्यासारखं चिंधीनं तेल पुसून ती चिंधी तिथंच खोचून ठेवली, तर तू स्वतःच काकडा तयार करून ठेवलास. डॅशपॉटचं तेल झिरपलं की आगीचं सामान वाढतं आणि धक्का शोषायची ताकदही कमी होते. म्हणजे ठोकर आणि आग, दोन्हींची वाट एकाच गळतीतून जाते. पुसून भागणार नाही, सील बदल.

गुंडाळलेली दोरी चाकूनं कापायची, ओढून काढायची नाही. ओढताना ती तारेत नाहीतर पाइपात अडकून नवीन नुकसान करते.

तारा आणि बॅटरी

डब्याखाली ११० व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. टर्मिनल ढिलं असलं की तापतं, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. बॅटरी बॉक्सची जाळी मोकळी ठेव, बिडी-काडीवाल्याला तिथं उभं राहू देऊ नको, आणि पान्याचं टोक दोन टर्मिनलवर एकदम टेकणार नाही हे बघ. झाकणाची कडी नीट बसली पाहिजे. उघडं झाकण फलाटाच्या कडेवर आपटतं.

तार जिथं लोखंडातून आरपार जाते तिथं रबरी ग्रोमेट असतो. तो निघून गेला की गाडीच्या हादऱ्यानं लोखंडाची धार तारेचं आवरण खाते. क्लिप सुटलेली तार पाइपला टेकलेली दिसली तर आजच बांध. आज ती नुसती घासतेय, उद्या तिथं ठिणगी पडेल.

आग लागलीच तर

तापून लाल झालेल्या चाकावर किंवा ॲक्सल बॉक्सवर पाणी मारू नको. एकदम थंड झालेलं लोखंड तडकतं. ड्राय पावडरचा सिलिंडर वापर, वीज तोडायला सांग आणि तो ब्रेक आयसोलेट कर. वर २५,००० व्होल्टची तार आहे हे डोक्यातून जाऊ देऊ नको. तिच्यापासून किमान २ मीटर दूर, आणि तिच्या दिशेनं पाण्याची धार तर कधीच नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात माहेजी ते परधाडेच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची बोंब झाली. साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळावर उतरले, आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा जीव गेले. डबा जळाला नव्हता. माणसं भीतीनं मेली. म्हणून गाडीखाली धूर दिसला की धुराच्या आधी आवाज चढव: ‘शेजारच्या रुळाकडं उतरू नका!’ शेजारची लाइन बंद करायला ट्रेन मॅनेजरला लगेच सांग, आणि माणसं मोकळ्या बाजूनंच उतरतील असं बघ. ही जबाबदारी कागदावर तुझी नसेल, पण जवळ तू असशील.

स्वतःचा जीव

खाली जाण्याआधी गाडीच्या दोन्ही टोकांना दिवसा लाल झेंडी, रात्री लाल दिवा. ती झेंडी ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं नाही. ब्रेक रिगिंगमध्ये हात घालण्याआधी कॉक बंद कर आणि सिलिंडरमधली हवा पूर्ण सोड. हवा आत असताना रिगिंग केव्हा हलेल सांगता येत नाही, आणि ते बोटांची पर्वा करत नाही. ओढणी घरी ठेव, केस टोपीत घाल, हातात कडं नको. दोन रुळांच्या मध्ये फोन काढायचा नाही, फोन आईचा असला तरी.

सहीच्या आधी

गाडी तपासून झाली की ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सह्या होतात. त्यावर तुझी सही असायला अजून वर्षं लागतील. पण ज्याची सही असेल तो सगळे डबे स्वतः वाकून बघत नाही, तो तुला विचारतो, ‘बघितलंस?’ त्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत: ‘बघितलं’ आणि ‘नाही बघितलं’. ‘ठीकच असेल’ हे उत्तर नाही. नाही बघितलं असं म्हणालीस तर गाडी दहा मिनिटं उशिरा सुटेल, चार माणसं बडबडतील आणि विसरून जातील. न बघता हो म्हणालीस तर ती दहा मिनिटं दुसरं कुणीतरी, कदाचित घाटात, भरेल.

तेवढं सांभाळ. बाकी सगळं पिट लाइन शिकवते.